शोध लागला, पण पोहोचला का?

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीची रांग दाराबाहेर जाते. ताप, खोकला, जुलाब, पायाला चिखल्या. मी कोपरखैरण्यात राहते आणि माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट याच पट्ट्यातले असतात. तीन टाकीच्या आसपासचे, घणसोलीचे, तुर्भ्याचे. त्यात माथाडी कामगारांची कुटुंबं पुष्कळ. अशाच एका पावसाळी सकाळी तासाभराच्या अंतराने दोन पेशंट आले आणि दोघांनीही मला मोबाइलवरची बातमी दाखवली. त्या दोन बातम्यांविषयी आज लिहायचं आहे. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

पहिले पंचेचाळिशीतले गृहस्थ. वाशीच्या बाजारात गोण्या उचलण्यात आयुष्याची वीस वर्षं गेलेली. वर्षभरापूर्वी ते नैराश्याने इतके खचले होते की कामावर जाणं बंद झालं होतं. औषध सुरू केल्यावर हळूहळू झोप लागायला लागली, जेवण सुधारलं, कामही सुरू झालं. आता पुन्हा चेहरा ओढलेला, नजर खाली. ‘‘गोळ्या चालू आहेत ना दादा?’’ मी विचारलं. ‘‘बंद केल्या मॅडम. पोरानं दाखवलं, परदेशात मशरूमचं औषध निघालंय. एकदाच घ्यायचं, की डिप्रेशन गेलं. मग रोज रोज या गोळ्या कशाला? ते इकडं आलं की तेच घेऊ.’’

दुसऱ्या साठीच्या मावशी. मधुमेह जुना. पाच दिवस ताप, आता दम लागत होता. इतके दिवस का थांबलात म्हटल्यावर सुनेने मोबाइल पुढे केला. कोविडचा नवा व्हेरिएंट आल्याची बातमी होती. मावशी म्हणाल्या, ‘‘तपासलं आणि तोच निघाला तर उचलून नेतील, परत घर दिसायचं नाही, म्हणून आले नाही.’’

या दोघांपैकी कुणीही अफवा वाचलेली नव्हती. मशरूममधल्या रसायनावर खरंच संशोधन सुरू आहे आणि नामांकित नियतकालिकांत छापून आलं आहे. विषाणूचे नवे प्रकारही खरंच सापडत असतात. बातमी खरी होती. पण ती वाचून दोघांनी दुसऱ्या दिवशी जे केलं, ते चुकीचं होतं. एकाने हातातलं औषध सोडलं आणि दुसरीने दवाखान्याची पायरी टाळली. माझ्या मते आरोग्याच्या बातम्यांमधली आजची खरी अडचण हीच आहे. प्रयोगशाळेत शोध लागतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो. त्याचा उपयोग मात्र पेशंटपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात, आणि कित्येकदा पोहोचतच नाही. मधल्या काळात माणसं आशेने किंवा भीतीने निर्णय घेऊन मोकळी होतात.

मशरूममध्ये नेमकं आहे काय?

काही विशिष्ट जातींच्या भूछत्रांमध्ये ‘सिलोसायबिन’ नावाचं रसायन असतं. मेक्सिकोतले आदिवासी समाज धार्मिक विधींमध्ये ही भूछत्रं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून सिलोसायबिन वेगळं काढलं. शरीरात गेल्यावर त्याचं सिलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावर जाऊन बसतं. पुढचे चार ते सहा तास दिसणं, ऐकणं, वेळेची जाणीव, ‘मी’पणाची जाणीव, सगळं बदलून जातं. १९६०च्या दशकात यावर पुष्कळ प्रयोग झाले. मग नशेसाठी वापर वाढला, १९७० मध्ये अमेरिकेने ते कडक बंदीच्या यादीत टाकलं, १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि संशोधन जवळजवळ थांबलं. गेल्या वीस वर्षांत ते पुन्हा सुरू झालं आहे.

त्यातला सर्वाधिक चर्चेत आलेला प्रयोग २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १० देशांतले २३३ पेशंट. सगळे असे, की ज्यांना आधीच्या औषधांनी गुण आला नव्हता. त्यांचे तीन गट केले. एका गटाला कृत्रिमरीत्या बनवलेल्या सिलोसायबिनचा २५ मिलिग्रॅमचा एकच डोस, दुसऱ्याला १० मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला नाममात्र १ मिलिग्रॅम. नैराश्य मोजण्याची ६० गुणांची एक पट्टी असते. जितके गुण जास्त तितकं नैराश्य तीव्र. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांचे गुण सरासरी १२ने उतरले आणि १ मिलिग्रॅमवाल्यांचे ५.४ने. म्हणजे फरक पडला, आणि तो चांगला पडला. बातमीत इतकंच येतं.

त्याच शोधनिबंधात पुढे काय आहे? पहिल्या गटात शंभरातल्या ३७ जणांची लक्षणं तीन आठवड्यांत निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. उरलेल्या ६३ जणांची तितकी झाली नाहीत. बारा आठवड्यांपर्यंत गुण टिकून राहिलेले शंभरात २०, आणि नाममात्र डोसच्या गटातसुद्धा १०. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असे त्रास बहुतेकांना झाले. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करून घेणं तिन्ही गटांत आढळलं. शिवाय हे औषध हातात पुडी देऊन घरी पाठवण्याचं नव्हतं. आधी तयारीच्या बैठका, औषधाच्या दिवशी प्रशिक्षित माणूस तासन्‌तास शेजारी आणि नंतर पुन्हा बोलण्याच्या बैठका. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांना अशा प्रयोगांतून कटाक्षाने बाहेर ठेवतात, कारण त्यांचा आजार यामुळे उसळण्याची भीती असते.

त्यानंतर जून २०२५ मध्ये याच कंपनीने पुढच्या टप्प्यातल्या प्रयोगाचा निकाल जाहीर केला. या वेळी २५८ पेशंट होते आणि तुलना औषध नसलेल्या गोळीशी होती. सहा आठवड्यांनंतर दोन गटांतला फरक निघाला ३.६ गुणांचा. आकडेशास्त्राच्या दृष्टीने तो ठोस आहे. पण ६० गुणांच्या पट्टीवर ३.६ म्हणजे किती, हे वाचकांनीच मनाशी ताडून पाहावं. आधी २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ५९ जणांवर सिलोसायबिन आणि एस्सिटालोप्राम यांची थेट तुलना केली होती. एस्सिटालोप्राम म्हणजे आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळणारी, रोज घ्यायची साधी गोळी. सहा आठवड्यांनी, ज्या मुख्य निकषावर निकाल ठरायचा होता, त्यावर दोघांत ठोस फरक दिसला नाही.

आणखी एक मेख आहे. औषधाची परीक्षा घेताना पेशंटला आपल्याला खरं औषध मिळालं की साधी गोळी, हे कळू द्यायचं नसतं. कळलं की मन आपोआप झुकतं. ताप-खोकल्याच्या औषधात हे जमतं. पण ज्या औषधाने भिंती हलताना दिसतात, ते मिळालं की नाही हे पेशंटला अर्ध्या तासात कळतं. ज्याला मिळालं तो उमेदीत, ज्याला नाही मिळालं तो खट्टू. मग सुधारणा औषधाची किती आणि उमेदीची किती, हे वेगळं काढणं फार अवघड होतं.

मी हे संशोधन मोडीत काढत नाही. कितीही औषधं बदलली तरी ज्यांचं नैराश्य हटत नाही, अशा पेशंटचे हाल मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी वेगळ्या रीतीने काम करणारं एखादं औषध मिळालं तर मला आनंदच होईल. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून अशाच पेशंटसाठी, खास परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना हे औषध देण्याची मुभा दिली आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्याला ‘ब्रेकथ्रू थेरपी’ असा दर्जा दिला. पण हा दर्जा म्हणजे तपासणी लवकर करू असं आश्वासन असतं, औषधाला परवानगी नव्हे. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आहे. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामिनाच्या एका प्रकरणात ‘मॅजिक मशरूम’विषयी मत नोंदवलं, त्यावरून ‘आता हे कायदेशीर झालं’ असे व्हिडिओ फिरले. जामीन देणं वेगळं आणि औषध म्हणून मान्यता वेगळी.

खरा प्रश्न आधीच्या पायरीवर

आता त्या माथाडी दादांकडे परत येऊ. सिलोसायबिनचे मोठे प्रयोग झाले ते आधीच्या औषधांनी गुण न आलेल्यांवर. दादांना तर पहिल्याच औषधाने गुण आला होता. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर संशोधक शोधत होते, तो दादांचा प्रश्नच नव्हता. दादांचा प्रश्न वेगळा होता. गोळ्या आणायच्या तर ओपीडीची रांग, रांगेत अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. कधी रुग्णालयात गोळी संपलेली असते आणि ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी मिळते. त्यात मुकादमाला कळलं तर काय म्हणेल, ही धास्ती. या सगळ्याला कंटाळलेल्या माणसाला ‘एकदाच घ्या आणि विसरा’ ही बातमी गोड वाटणारच.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, की नैराश्यासारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. औषधाने गुण न आलेल्यांचा प्रश्न मोठा आहे, पण औषधापर्यंतच न पोहोचलेल्यांचा त्याहून कितीतरी मोठा. नैराश्यावरच्या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत. त्या लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटायला लागल्यावरही किमान सहा-नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. हे पेशंटला शांतपणे समजावून सांगायला दहा मिनिटं हवीत. आमच्या ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला तीनसुद्धा येत नाहीत. या दहा मिनिटांवर कुणी शोधनिबंध लिहीत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून एक इशारा देऊन ठेवते. आपल्याकडे वारुळावर उगवणारी रानअळंबी या दिवसांत बाजारात येते. ती ओळखणाऱ्या बायाबापड्यांच्या हातची खाणं वेगळं आणि व्हिडिओ पाहून डोंगरातून ‘मॅजिक’ अळंबी शोधून आणणं वेगळं. काही विषारी भूछत्रं दिसायला अगदी साधी असतात. खाल्ल्यावर सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी होतं. ते विष शिजवूनही जात नाही. बरं वाटतंय म्हणून त्या मधल्या दिवशी घरी थांबलेल्यांचा जीव जातो. अमेरिकेत २०२४ मध्ये ‘मशरूम चॉकलेट’ म्हणून दुकानात विकल्या गेलेल्या गोळ्या-चॉकलेटांनी अनेकांना अतिदक्षता विभागात पोहोचवलं. वेष्टनावर काय लिहिलं आहे आणि आत काय आहे, याचा मेळ नव्हता.

अमरावती ते डोंबिवली

मशरूमच्या बातमीत आशा असते, व्हेरिएंटच्या बातमीत भीती. व्हेरिएंटचं प्रकरण तर आपल्या दारातलं आहे. जगभर थैमान घातलेल्या डेल्टाची कूळकथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

आधी व्हेरिएंट म्हणजे काय ते पाहू. कोरोना विषाणूची जनुकीय संहिता म्हणजे सुमारे ३० हजार अक्षरांचा एक मजकूर. विषाणू एका पेशीतून हजारो नकला काढतो आणि नकला काढताना चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखाद्या चुकीने मात्र विषाणूला पेशीत शिरणं सोपं होतं किंवा आपल्या प्रतिकारशक्तीला चकवता येतं. मग तो वाण इतरांना मागे टाकतो. नमुन्यातली ही अक्षरं ओळीने वाचून काढणं म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण, ज्याला बातम्यांत ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ म्हणतात.

भारतात यासाठी डिसेंबर २०२०च्या अखेरीस १० प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं उभं राहिलं. त्यातल्या दोन प्रयोगशाळा पुण्यातल्या. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात, विशेषतः अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि तिथे टाळेबंदी करावी लागली. तेव्हा मुंबई-नवी मुंबईत लग्नाचे हॉल पुन्हा भरू लागले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र दिसत आहेत. माध्यमांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं. मात्र त्याच निवेदनात असंही होतं, की काही राज्यांतल्या रुग्णवाढीचा संबंध याच्याशी जोडता येईल इतक्या संख्येने तो आढळलेला नाही.

शास्त्रीय भाषेत ते वाक्य सावध होतं. पुरावा अपुरा असेल तर ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ असंच लिहितात. पण ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ याचा अर्थ ‘संबंध नाही’ असा घेतला गेला. पुरावा अपुरा का होता? कारण नमुने पुरेसे वाचले जात नव्हते. बाधितांच्या पाच टक्के नमुन्यांचं क्रमनिर्धारण करायचं ठरलं होतं; प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी खाली राहिलं. पुढे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदवले जात होते. त्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनचा एक बेड मागायला आलेल्या नातेवाइकांचे चेहरे माझ्या पिढीतला कुठलाही सरकारी डॉक्टर विसरलेला नाही.

यात विज्ञानाची एक बारकी गोष्ट आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. ‘डबल म्युटंट’ म्हणून ज्या दोन बदलांचा गाजावाजा झाला, त्यातला एक, ई-४८४-क्यू, हा बदल डेल्टामध्ये नव्हताच. तो होता त्याच्या भावंडात, पुढे ज्याला ‘कप्पा’ नाव मिळालं त्यात. कप्पा मागे पडला आणि डेल्टा जगभर पसरला. म्हणजे बातमी ज्याच्याकडे बोट दाखवत होती, त्याच्या शेजारी उभा असलेला खरा धोकादायक निघाला. ही शास्त्रज्ञांची चूक नव्हे. सुरुवातीच्या थोड्या नमुन्यांवरून कोणता वाण बाजी मारेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच एका बातमीवर न थांबता सतत, भरपूर नमुने वाचत राहावं लागतं.

डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२० मधले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या कुळाला ‘चिंताजनक’ यादीत टाकलं ११ मे २०२१ला आणि ‘डेल्टा’ हे नाव दिलं ३१ मेला. मधले सात महिने हातचे गेले. आता ओमायक्रॉन पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबर २०२१ला त्याची खबर दिली, दोन दिवसांत नाव पडलं आणि नाव पडल्यापासून आठ दिवसांत, ४ डिसेंबरला, आपल्या शेजारच्या डोंबिवलीत महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. प्रयोगशाळा त्याच होत्या, यंत्रंही साधारण तीच. पण दक्षिण आफ्रिकेने खबर दडवली नाही आणि इथली यंत्रणा विमानतळापासून सावध होती.

उलट बाजूची चूकही आपण केली आहे. जून २०२१ मध्ये ‘डेल्टा प्लस’ची धास्ती घेतली गेली. रत्नागिरी, जळगावसह काही जिल्ह्यांत थोडे रुग्ण सापडले आणि राज्यभर निर्बंध पुन्हा कडक झाले. पण डेल्टा प्लसची वेगळी लाट काही आली नाही. सावधगिरी घेतली यात वावगं नव्हतं. मात्र तेव्हापासून ‘व्हेरिएंट’ हा शब्द ऐकला की काही जण घाबरतात आणि काही जण ‘हे नेहमीचंच’ म्हणून हात झटकतात. २०२५च्या मे-जूनमध्ये रुग्ण थोडे वाढले, तेव्हाही जेएन.१, एलएफ.७, एनबी.१.८.१ अशी नावं रोज छापून येत होती. मावशींच्या मनात बसलेली भीती अशाच नावांची.

शोध लागूनही तो निर्णयापर्यंत कसा वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो, याचं एक उदाहरण लसीचं आहे. १३ मे २०२१ला भारताने कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर ६ ते ८ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवडे केलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीच्या पुढच्यांसाठी याच लसीचं अंतर १२ आठवड्यांवरून ८ आठवड्यांवर आणलं, कारण तिथे डेल्टा पसरू लागला होता. पुढे त्यांच्या अभ्यासात दिसलं, की डेल्टाविरुद्ध एका डोसने सुमारे ३० टक्के संरक्षण मिळतं आणि या लसीच्या दोन डोसनी सुमारे ६७ टक्के. आपल्याकडे तेव्हा लशी कमी होत्या, माणसं जास्त. एकेक डोस तरी जास्त लोकांना मिळावा, हाही विचार होता आणि त्यात तथ्य होतं. पण दुसऱ्या डोससाठी तीन-चार महिने थांबलेल्या कामगाराला हे कारण कुणी समजावून सांगितलं नाही.

बातमी वाचल्यावर

मला अनेकजण विचारतात, की मग आम्ही या बातम्यांचं करायचं काय? वाचायच्याच नाहीत? जरूर वाचाव्यात. फक्त वाचून झाल्यावर स्वतःला चार साधे प्रश्न विचारावेत. हा प्रयोग कुणावर झाला. उंदरांवर, परीक्षानळीत की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर माझ्यासारख्या माणसांवर का? तुलना कशाशी केली. काहीच न घेणाऱ्यांशी, की आज मिळणाऱ्या औषधाशी? फरक किती पडला आणि किती दिवस टिकला? आणि सर्वांत महत्त्वाचा चौथा प्रश्न, या बातमीमुळे उद्या सकाळी माझ्या वागण्यात काही बदल करायचा आहे का? बहुतेक बातम्यांच्या बाबतीत याचं उत्तर ‘नाही’ असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करायची असेल, तर ते नेहमीच ‘नाही’.

व्हेरिएंटबाबत तर हे आणखी स्पष्ट आहे. तुमच्या शरीरातला विषाणू कोणत्या नावाचा, हे मला कळलं तरी तुमच्या उपचारात सहसा काही फरक पडत नाही. मी तुमचं वय बघते, साखर बघते, रक्तातला ऑक्सिजन बघते, दम किती लागतो ते बघते. क्रमनिर्धारणाचा उपयोग एका पेशंटला नसतो, तो गावाला असतो. लस बदलायची का, बेड किती तयार ठेवायचे, ऑक्सिजन किती साठवायचा, हे त्यावरून ठरवायचं. म्हणजे व्हेरिएंटच्या बातमीने घाबरायचं काम नागरिकाचं नव्हे. वेळेवर जागं व्हायचं काम यंत्रणेचं आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये नेमकं उलट झालं.

आणि सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेली डॉक्टर म्हणून यंत्रणेलाही एक सांगणं आहे. संशोधनावर खर्च व्हायलाच हवा. पण त्या शोधाचा शेवटचा टप्पा आमच्या टेबलासमोरच्या स्टुलावर पूर्ण होतो. तिथे समुपदेशक नसेल, औषध संपलेलं असेल, पेशंटला तीन मिनिटंसुद्धा मिळत नसतील, तर जगातला सर्वोत्तम शोधही त्या स्टुलापर्यंत येऊन थांबतो. उद्या सिलोसायबिनला परवानगी मिळालीच, तर एका पेशंटसाठी दिवसभर एक प्रशिक्षित माणूस आणि एक शांत खोली लागेल. आज माझ्याकडे नैराश्याच्या पेशंटशी बोलायला वेगळी खोली नाही. पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ड्रेसिंग चालू.

त्या दिवशी दादांना मी रांग थांबवून बसवून घेतलं. मशरूमचं औषध खोटं नाही, पण ते तुमच्यासाठी नाही, तुम्हाला लागू पडलेलं औषध तुमच्या खिशात आहे, एवढंच सांगितलं. एकदम बंद केल्यामुळे त्रास कसा उलटला तेही सांगितलं. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. वाचकांनीही तो लिहून ठेवावा, कधी कुणाला लागेल सांगता येत नाही. दादा महिन्याभराने आले तेव्हा गोळ्या पुन्हा चालू होत्या आणि झोप परतली होती. या वेळी मुलगाही सोबत होता. त्याने मला विचारलं, ‘‘मॅडम, मी दाखवलेली बातमी चुकीची होती का?’’ मी म्हणाले, ‘‘नाही रे, बातमी बरोबर होती. पण ती वाचून झाल्यावर बाबांना इकडे घेऊन यायचं होतंस.’’

मावशींना कोविड नव्हताच. छातीत न्यूमोनिया होता, साखर चारशेच्या वर गेली होती. दाखल करून घ्यावं लागलं, आठ दिवसांनी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीच आल्या असत्या तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. घरी जाताना त्यांनी सुनेला बजावलं, ‘‘आता मोबाइलमध्ये काय आलं ते मला सांगू नको. ताप आला की थेट इथं आण.’’